एका वेलीची तीन नावे

सहावीच्या वर्गाला आम्ही एकदा एक वेगळा घरचा अभ्यास दिला. 'तुमच्या घरात कशाबरोबर काय खात नाहीत, कोणत्या दिवसांत काय टाळतात, ते दादी-नानीला विचारून लिहून आणा', एवढेच सांगितले. आमची शाळा शहापूर तालुक्यातली, उर्दू माध्यमाची. दुसऱ्या दिवशी वह्या आल्या आणि आम्ही चकित झालो. जी मुले इतिहासाच्या प्रश्नाला दोन ओळींपलीकडे उत्तर लिहीत नाहीत, त्यांनी पानभर मजकूर आणला होता. मासळी खाऊन दूध प्यायचे नाही, हे जवळजवळ प्रत्येक वहीत होते. रात्री दही नाही. मध आणि तूप सारख्या मापाने नाही. उन्हातून आल्या आल्या पाणी नाही. वांगी बादी असतात, बाळंतिणीला देऊ नयेत. पावसाळ्यात पालेभाजी निवडून, आणि पाणी उकळून.

शेजारच्या मराठी शाळेतल्या बाई आमच्या ओळखीच्या. त्यांना हे सांगितले तेव्हा त्यांनीही आपल्या वर्गात तोच अभ्यास दिला. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर फरक होता तो शब्दांचा. आमच्याकडे 'बादी', त्यांच्याकडे 'वातूळ'. आमच्याकडे 'परहेज', त्यांच्याकडे 'पथ्य'. आमच्याकडे एखाद्या पदार्थाची 'तासीर' गरम, त्यांच्याकडे तोच पदार्थ 'उष्ण पडतो'. त्यांच्या यादीत उपवासाचे पदार्थ होते, आमच्या यादीत सहरी-इफ्तारचे. बाकी मासळी आणि दूध तिकडेही पहिल्या क्रमांकावर.

आम्ही उत्साहाने फळ्यावर दोन रकाने आखले. एकावर 'आयुर्वेद' लिहिले, दुसऱ्यावर 'यूनानी तिब्ब', आणि मुलांना जोड्या लावायला सांगितल्या. दोन दिवसांनी एका मुलाचे वडील शाळेत आले. किन्हवलीच्या रस्त्यावर त्यांचा टेम्पो चालतो. भांडखोर माणूस मुळीच नाही. चहा घेतला, थोडा वेळ इकडचे तिकडचे बोलले आणि मग म्हणाले, "सर, बच्चों को आयुर्वेद काहे को सिखाना? वो उनका है. अपनी तो हकीमी है."

त्यांना त्या दिवशी आमच्याजवळ नीट उत्तर नव्हते. बी.एड.मध्ये आम्हाला पाठ-टाचण काढायला शिकवले होते, पण 'उनका' आणि 'अपना' यांच्यामधली रेघ कशी तपासायची, हे कुणी शिकवले नव्हते. सुटीत आम्ही जमेल तसे वाचत गेलो. जे हाती लागले ते इथे मांडतो आहोत. आम्ही वैद्य नाही, हकीमही नाही, तेव्हा यात औषध कुणी शोधू नये.

सुरुवात त्या मासळी-दुधापासूनच करू. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात विरुद्ध आहाराची चर्चा आहे. एकत्र आले की अपाय करणाऱ्या पदार्थांच्या जोड्या तिथे दिलेल्या आहेत आणि त्यांत मासे व दूध ही जोडी ठळकपणे येते. कारण असे सांगितले आहे की दोन्ही मधुर असली तरी दूध शीत आणि मासे उष्ण. आता आमच्या बाजूचे पाहू. इब्ने सीनाचा 'अल-कानून फित्तिब' हा यूनानी वैद्यकाचा कळस. इब्ने सीना १०३७ साली वारला, आणि त्यानंतर कितीतरी शतके पूर्वेकडे आणि युरोपातही हा ग्रंथ पढवला गेला. त्यात आहाराच्या नियमांच्या ओघात मासे आणि दूध एकत्र न घेण्याचा नियम आहे. आम्ही तो वाचत होतो आणि मध्येच थांबलो. कारण हा नियम इब्ने सीना स्वतःच्या नावावर सांगत नाही, जालीनूसच्या नावावरही सांगत नाही. हिंदी लोकांच्या आणि इतरांच्या अनुभवावरून असे सांगितले जाते, अशा अर्थाने तो ते नोंदवतो. म्हणजे ज्या नियमाला आमच्या पालकांनी 'अपनी हकीमी' म्हटले, त्या नियमावर हकीमांच्या सरताजानेच हिंदुस्थानचे नाव लिहून ठेवलेले आहे. हजार वर्षे ते नाव तिथे आहे. आम्ही पाहिले नाही एवढेच.

(मासळीवर दूध प्यायल्याने कोड उठते, या समजुतीला आजच्या वैद्यकात आधार नाही, हे मुलांना सांगणेही आमचे काम आहे. कुष्ठरोगाचा जंतू हान्सेनने १८७३ सालीच दाखवून दिला. नियम जुना आहे म्हणून तो खरा ठरत नाही. पण नियम कुठून आला, हा प्रश्न वेगळा, आणि तो इतिहासाचा आहे.)

हे ज्ञान तिकडे गेले कसे, याचीही हकिकत आहे. आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला खलिफा हारून अल-रशीद यांच्या दरबारात बरमकी घराण्याचे वजीर होते. हे घराणे मूळचे बल्खचे. तिथल्या नवविहार या बौद्ध विहाराशी त्यांचे पूर्वज संबंधित होते, त्यामुळे हिंदी विद्या त्यांना परकी वाटत नसावी. याह्या बिन खालिद बरमकी यांनी हिंदुस्थानातून वैद्य बोलावले. त्यांतल्या मंका नावाच्या वैद्याने खुद्द खलिफांवर उपचार केल्याचे अरबी चरित्रकार सांगतात. सुश्रुताच्या ग्रंथाचे भाषांतर त्याच्या हातून झाले आणि ते बगदादच्या इस्पितळात वापरासाठी होते, ही नोंद इब्ने नदीमच्या 'अल-फिहरिस्त' या दहाव्या शतकातल्या ग्रंथसूचीत आहे. चरकाचेही भाषांतर झाले. अल-राझी त्याचा हवाला 'शरक अल-हिंदी' म्हणून देतो. इ.स. ८५० मध्ये अली बिन सहल रब्बन अल-तबरी यांनी 'फिरदौस-उल-हिकमत' पुरे केले, त्याचा शेवटचा भाग पूर्णपणे हिंदी वैद्यकावर आहे, चरक-सुश्रुतांची नावे घेऊन. पुढे अल-बिरूनीलाही बरमक्यांसाठी झालेले चरकाचे हे भाषांतर ठाऊक होते.

आणि शब्द तर अजूनही साक्ष देत आहेत. संस्कृत 'त्रिफळा' अरबीत 'इत्रीफल' झाली. आजही कोणत्याही यूनानी दवाखान्याच्या फळीवर इत्रीफलची बरणी दिसते. हिरडा 'हलैला' झाला, बेहडा 'बलैला', आवळा 'आमला'. उलटीकडूनही तेवढेच आले. आपण मराठीत ज्याला 'जुलाब' म्हणतो तो मूळचा फारसी 'गुलाब', म्हणजे गुलाबपाणी. ते अरबीत 'जुलाब' झाले आणि मराठीत येता येता बिचाऱ्या गुलाबाची ही दशा झाली. मोरांबा हा 'मुरब्बा', गुलकंद म्हणजे गुल आणि कंद, सरबत हे 'शरबत'. आणि आमच्या दादीचा तो 'बादी' शब्द? फारसीत बाद म्हणजे वारा. वात या कल्पनेचे ते शब्दशः भाषांतर आहे. यूनानी शास्त्रात चार खिल्त आहेत: खून, बलगम, सफरा, सौदा. त्यांत वारा नाहीच. म्हणजे वांगी 'बादी' म्हणणारी आमची दादी उर्दू शब्दात आयुर्वेद बोलत होती.

इथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. सगळे एकच आहे असे म्हणण्याचा मोह होतो, पण तो खरा इतिहास नव्हे. आयुर्वेदाचे दोष तीन, तिब्बचे खिल्त चार. पित्त आणि सफरा, कफ आणि बलगम यांची जोडी लागते. वाताला तिकडे जोडीदार नाही, सौदाला इकडे नाही. रक्ताला आयुर्वेद धातूंमध्ये बसवतो. मिजाज आणि प्रकृती शेजारी बसतात, पण एका ताटात जेवत नाहीत. दोन शास्त्रे वेगळी होती आणि वेगळी राहूनच त्यांनी एकमेकांकडून घेतले.

आपल्या महाराष्ट्राच्या भूमीवर तर हे देणेघेणे फार लवकर सुरू झाले. मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली त्या काळात, १३२९ साली, जिया मुहम्मद मसूद रशीद जंगी यांनी तिथे 'मजमूआ-ए-जियाई' हा फारसी वैद्यकग्रंथ रचला. त्यात हिंदी वैद्यांच्या औषधांना जागा दिलेली आहे. दिल्लीत सिकंदर लोदीच्या काळात, १५१२ साली, त्याचे वजीर मियां भुवा यांनी 'मादन-उल-शिफा-ए-सिकंदरशाही' सिद्ध केला. चरक, सुश्रुत, वाग्भट, शार्ङ्गधर, माधवनिदान या संस्कृत ग्रंथांचे सार त्यात फारसीत आणले. प्रस्तावनेत त्यांनी दिलेले कारण मार्मिक आहे: यूनानी औषधे हिंदी माणसाच्या प्रकृतीला आणि इथल्या हवेला सर्वस्वी मानवत नाहीत, आणि त्यांची नावेही इथे कुणाला कळत नाहीत. एका मुसलमान वजिराला सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला हे लिहिताना आपण काही 'त्यांचे' घेतो आहोत असे वाटले नाही. त्याच्या लेखी तो जिथे राहत होता तिथले शास्त्र ते आपलेच शास्त्र होते.

फरिश्ता हे नाव इतिहासाच्या शिक्षकाला ठाऊक असतेच. मुहम्मद कासिम फरिश्ता, दख्खनच्या सुलतानांचा इतिहासकार. तो लहानपणी वडिलांबरोबर इराणातून अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) आला, निजामशाहीत वाढला आणि १५८९ साली विजापूरला गेला. पण याच फरिश्ताने 'दस्तूर-उल-अतिब्बा' नावाचा वैद्यकग्रंथ लिहिला, हे आम्हाला डी.एड.लाही कुणी सांगितले नव्हते आणि बी.एड.लाही. हिंदी वैद्यांचे शास्त्र मुसलमान वाचकांना कळावे, हाच त्याचा हेतू. दोष, रस, औषधी द्रव्ये, सगळे त्याने फारसीत मांडले. तेव्हा आपला हा मुलूख, म्हणजे कल्याणची बाजू आणि माहुलीचा किल्ला, निजामशाहीकडे होता. त्याच माहुलीवर १६३६ साली शहाजीराजांना लहानग्या निजामशहाला मोगलांच्या हवाली करावे लागले आणि ती शाही संपली. आमच्या शाळेच्या मैदानातून माहुलीचे सुळके दिसतात. मुलांना आम्ही किल्ल्याची लढाई शिकवत आलो होतो. त्याच राज्यात वाढलेल्या माणसाने वात-पित्त-कफ फारसीत नेले, हे आता शिकवतो.

या देवघेवीत तिसराही एक गडी होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी जात-येत असे. १५६३ साली गोव्यात त्याचे औषधी वनस्पतींवरचे पुस्तक छापले गेले. त्यात दरबारचे अरबी-इराणी हकीमही आहेत आणि इथले वैद्यही. आणि पोर्तुगीजांनी आणलेली मिरची? ती ना चरकाला माहीत, ना इब्ने सीनाला. बटाटा, टोमॅटो, भुईमूग, मका, पेरू, सगळे अमेरिकेतून आलेले. आज 'अस्सल पारंपरिक आहार' म्हणून जे ताट दाखवतात, त्यातून हे पाहुणे उठवले तर अर्धे ताट रिकामे होईल.

आता रोजच्या खाण्याच्या शिस्तीकडे वळू. वाग्भटाने अष्टांगहृदयात पोटाचे चार भाग कल्पिले आहेत. दोन घन अन्नासाठी, एक पातळ पदार्थासाठी आणि एक वाऱ्याला मोकळा. चरक विमानस्थानात तीनच भाग करतो: एक घन, एक द्रव आणि एक वात-पित्त-कफाच्या हालचालीसाठी. तिरमिजी आणि इब्ने माजा यांच्या संग्रहांतली हदीस आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पैगंबर (स.) यांनी पोटाचा एक हिस्सा अन्नाला, एक पाण्याला आणि एक श्वासाला ठेवायला सांगितला. हे एकाने दुसऱ्याकडून घेतले असे दाखवायचा आमचा विचार नाही, तसा पुरावाही नाही. भरल्या पोटाचा त्रास सगळीकडे सारखाच, म्हणून शहाणपणही सारखे निघाले असावे. तसेच गरम-थंडीचा तोल. खजुराबरोबर काकडी किंवा कलिंगड खाऊन एकाची उष्णता दुसऱ्याच्या थंडाव्याने मोडावी, ही सुन्नत आपण ऐकलेली असते. इफ्तारच्या ताटात मात्र खजूर उरतो एक आणि भजी-समोसे उरतात दहा. काकडी सलाडच्या नावाने कोपऱ्यात. रमजानमध्ये पोट हलके राहावे तर मोहल्ल्यातल्या दवाखान्यात जळजळ आणि आम्लपित्ताचीच रांग. यावर आमच्या मस्जिदीतल्या एका बुजुर्गांनी एकदा हसत म्हटले होते, "दिनभर का रोजा, रातभर का बदला."

आयुर्वेद अन्नाबरोबर झोपही आरोग्याच्या तीन खांबांत धरतो. तिब्बमध्ये जीवनाला अनिवार्य अशा सहा गोष्टी, अस्बाब-ए-सित्ता जरूरिया, सांगितल्या आहेत. हवा, खाणेपिणे, शरीराची हालचाल आणि विश्रांती, मनाची हालचाल आणि विश्रांती, झोप आणि जागरण, शरीरातून काय बाहेर जावे आणि काय राहावे. यात औषधाचे नाव कुठेच नाही, हे आम्ही वर्गात मुद्दाम दाखवतो.

ऋतुचर्येचे प्रकरण मात्र शहापूर-मुरबाडच्या मातीत वाचले पाहिजे. पावसाळ्यात अग्नी मंद होतो, म्हणून जुने धान्य खावे, पाणी उकळून गार केलेले प्यावे, वादळी पावसाच्या दिवशी आंबट, खारट, स्निग्ध खावे, असे ग्रंथ सांगतो. आमच्याकडच्या पाड्यांवर जुने धान्य आषाढापर्यंत टिकेल तर ना! भात आणि नागली संपत येते, नवे पीक यायला अजून अवधी असतो, आणि तेव्हा रान पोसते. पहिल्या पावसाबरोबर शेवळे येतात. मुरबाडच्या बाजारात, आसनगाव स्टेशनच्या बाहेर, ठाकूर आणि कातकरी बाया जुड्या घेऊन बसतात. प्रत्येक जुडीबरोबर काकडाची हिरवी आंबट फळे देतात. ती फुकट दिलेली भेट नव्हे. शेवळात घशाला खाज आणणारे स्फटिक असतात आणि काकडाच्या आंबटाशिवाय ते बाधतात. ही जोडी कोणत्या संहितेत आहे ते आम्हाला सापडलेले नाही, बायांच्या टोपलीत मात्र ती दरवर्षी सापडते. आमच्या घरी शेवळे खिम्यात पडतात, कधी सोड्यांत. मग टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली. टाकळ्याला संस्कृतात चक्रमर्द म्हणतात, हकीम पनवाड म्हणतात आणि दोघेही कातडीच्या विकारावर सांगतात.

मोहाची गोष्ट यात यावी लागते. उन्हाळ्यात वेचून सुकवलेली मोहाची फुले हे इथल्या आदिवासींचे अन्न होते. फुले उकडून खायची, बियांचे तेल जेवणात. इंग्रज सरकारला मोहात फक्त दारू आणि बुडणारा अबकारी कर दिसला. १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याच साली शहापूर तालुक्यातले तानसा धरण पुरे होऊन इथले पाणी मुंबईला गेले. एकाच वर्षात तोंडचा घास आणि तोंडचे पाणी! पुढे वैतरणा झाली, भातसा झाली. मुंबईची तहान भागवणाऱ्या या तालुक्यात एप्रिल-मेमध्ये हंडे घेऊन निघालेल्या बाया अजून दिसतात. तेव्हा 'दिवसभर पुरेसे पाणी प्या' हा आरोग्याचा सल्ला मुलांना देताना आमची जीभ थोडी अडखळते.

आणखी एक गैरसमज. आयुर्वेद म्हणजे शाकाहार, असे आपल्यातले बरेच लोक धरून चालतात, आणि आयुर्वेदाचा झेंडा घेणारेही कित्येक तसेच बोलतात. चरकसंहितेत मांसाचे आठ वर्ग आहेत. कोणत्या प्राण्याचे मांस जड, कोणाचे हलके, कोणत्या रोग्याला मांसरस द्यावा, याची सविस्तर चर्चा आहे. बकऱ्याचे मांस फार थंड नाही, फार जड नाही, माणसाच्या धातूंना जवळचे, असे मत तिथे आहे. बाळंतिणीला पायाचे सूप देणाऱ्या आमच्या खाला हे वाचून खूश होतील. यापुढे त्या यादीत काय काय आहे ते जिज्ञासूंनी मुळातून पाहावे. आम्ही शिक्षक आहोत, आम्हाला गावात राहायचे आहे.

मग ही रेघ पडली कधी? आमच्या समजुतीप्रमाणे ती छापखाना, कायदा आणि राजकारण यांच्या काळातली आहे. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने नोंदणी दिली ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांना. वैद्य आणि हकीम दोघेही एकदमच बाहेर राहिले. त्या काळात दोघांची मोट बांधली ती दिल्लीच्या हकीम अजमल खान यांनी. १९१० पासून त्यांनी वैद्य आणि हकीम यांच्या एकत्र परिषदा भरवल्या. त्यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात आयुर्वेद आणि यूनानी दोन्ही शिकवले जात. त्याचे उद्घाटन १९२१ साली गांधीजींच्या हस्ते झाले. इकडे महाराष्ट्रात शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलन उभे केले. त्यांचा 'आर्यभिषक्' मराठी घरांतून पोथीसारखा वापरला गेला. त्यांचे काम मोठेच. पण 'आर्य' हा शब्द त्या काळच्या वाऱ्यात होता आणि दुसरीकडे यूनानीला 'इस्लामी तिब्ब' म्हणण्याचा वाराही तेवढाच जोरात होता. यूनान म्हणजे ग्रीस, आणि बुकरात-जालीनूस काही कलमा पढलेले नव्हते, हे दोन्हीकडचे विसरले. १९३८ च्या मुंबई कायद्याने वैद्य-हकीम दोघांनाही नोंदणी मिळाली. १९७० चा केंद्रीय कायदा, त्याच्या जागी आलेला २०२० चा कायदा, २०१४ मध्ये झालेले आयुष मंत्रालय, या सगळ्यांत आयुर्वेद आणि यूनानी एकाच छपराखाली आहेत. कायद्याने त्यांना एकत्र ठेवले आणि आम्ही त्यांना वेगळ्या मोहल्ल्यांत राहायला पाठवले.

मथळ्यातली वेल आता येते. शहापूरच्या रानात, आंब्यावर, कडुनिंबावर, कुंपणाला गुळवेल चढलेली असते. वैद्य तिला गुडूची किंवा अमृता म्हणतात, हकीम गिलो म्हणतात आणि तिचे सत्त्व 'सत-ए-गिलो' म्हणून देतात. कातकरी तिला गुळवेल म्हणतात आणि कापून आणतात. कात पाडणारे ते कातकरी. जंगलाचे कायदे आले तसा तो धंदा गेला आणि वीटभट्टी नशिबी आली. कोरोनाच्या काळात, २०२०-२१ मध्ये, सगळा देश काढे उकळत असताना शहापूरच्या कातकरी तरुणांच्या संस्थेला वनधन योजनेतून गुळवेलीची मोठी मागणी आली. डाबरसारख्या कंपनीकडून साडेतीनशे टनांची, दीड कोटी रुपयांच्या वर. आमच्या वर्गातल्या मुलांनी ही बातमी वाचली तेव्हा त्यांना वाटले आमच्या शाळेमागच्या निंबावर पैसेच लोंबत आहेत.

पण त्याच काळाची दुसरी बातमीही सांगितली पाहिजे. २०२१ साली मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गफलत झाली असावी, असे त्यांचे म्हणणे. पुढे देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून आणखी रुग्णांची नोंद केली. वाद शास्त्रज्ञांचा आहे. आम्हाला त्यात दिसते ते एवढेच, की आयुर्वेद आणि तिब्ब दोन्ही ज्या गोष्टीवर उभे आहेत, म्हणजे माणूस कोण, प्रकृती कोणती, मात्रा किती, ऋतू कोणता, ती गोष्टच त्या काढ्याच्या लाटेत वाहून गेली. मोबाइलवर आलेला काढा सगळ्यांना एकच होता.

हे आम्ही दुरून बोलत नाही. मुरबाडला आमचे एक चाचा आहेत. बारा-पंधरा वर्षांचा मधुमेह. सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, साखर आटोक्यात होती. बाजारात एका जडीबुटीवाल्याने त्यांना पुडी दिली. "अंग्रेजी दवा गरम है, ये अपनी है", असे म्हणाला. 'अपनी' या शब्दावर चाचा भाळले. चार महिने गोळ्या बंद. त्यांच्या पायाच्या बोटाला चप्पल लागून जखम झाली ती भरेना, आणि शेवटी कल्याणला ते बोट काढावे लागले. त्या पुडीत काय होते ते ना आयुर्वेद सांगू शकला असता, ना तिब्ब. आम्ही त्यांच्या घरात शिकलेले म्हणवतो, आणि चार महिने आम्हाला पत्ता नव्हता.

गेल्या पावसाळ्यात चाचा आमच्याकडे आले. आता गोळ्या वेळेवर घेतात, पुढे बंद असलेली चप्पल घालतात. आमच्या टेम्पोवाल्या पालकांनीच त्यांना स्टँडवरून आणून सोडले, आणि मासळी-दुधाच्या नियमावर इब्ने सीनाने कुणाचे नाव लिहिले आहे ते आम्ही दोघांनाही ओट्यावर बसवून सांगितले. पालक बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मतलब उन लोगों ने अपने से लिया?" 'उन लोगों' म्हणजे कोण आणि 'अपने' म्हणजे कोण, हे विचारायचे आम्ही टाळले. चाचांना दुसरीच चिंता. शाळेमागच्या निंबावरची गुळवेल दोन पेरे मिळेल का, रोज सकाळी उकळून घ्यावी म्हणतात. आम्ही म्हटले, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, साखरेच्या गोळ्यांबरोबर ती आणखी साखर उतरवू शकते. चाचा रागावले. नागलीची भाकर, सुक्या जवळ्याची चटणी आणि टाकळ्याची भाजी होती. रागाच्या भरात ते चौथ्या भाकरीपर्यंत गेले. पोटाच्या तिसऱ्या हिश्शाचा विषय आम्ही त्या दिवशी काढला नाही.